पानाईचं इरलं

आडवणच्या खिंडीत पानाईचं ठाणं आहे. ठाणं म्हणजे देऊळ नव्हे. भिंत नाही, कळस नाही, घंटा टांगायला आडवं लाकूडसुद्धा नाही. गुडघ्याएवढी काळी शिळा, तिच्या पाठीमागे जमिनीतून वर आलेला कळकाचा, म्हणजे जाड बांबूचा, एक खांब, आणि त्या खांबाला वर बांधलेलं मोठं इरलं. बस्स, एवढंच. लांबून मोटारी करून लोक येतात आणि इकडेतिकडे बघत विचारतात, देऊळ कुठाय? समोरच आहे, बघा.

इरलं आता शहरात कुणाला ठाऊक नसतं, म्हणून सांगावं लागतं. बांबूच्या चिरून काढलेल्या कामट्यांच्या दोन जाळ्या विणायच्या, मधे पळसाची पानं दाबून बसवायची. आकार सुपासारखा, पण खोल आणि लांब. भात लावताना बाई ते डोक्यावरून पाठीवर घेते. पाऊस पाठीवर पडतो, हात मोकळे राहतात. पानाईचं इरलं आठ हात लांब आहे, पण ते सात तुकड्यांत करतात आणि वर नेऊन जोडतात. एकेक तुकडा एका बाईनं एकटीनं डोक्यावरून वर न्यायचा असा नेम आहे. दोघींनी धरावा लागला तर तो तुकडा परत खाली येतो. खिळा नाही, तार नाही. पळसाच्या मुळीचा दोर, तेवढाच.

वारा आला की हे इरलं फिरतं. खांबासकट फिरतं. नवखा माणूस दचकतो, आम्हांला त्याचं काही वाटत नाही.

ठाण्याच्या डाव्या अंगाला घडीव दगडांचे तीन ढीग आहेत. त्यांवर चढू नका, खाली विंचू असतात. ते ढीग बघून लोक म्हणतात, म्हणजे पूर्वी देऊळ होतं आणि पडलं. होतं आणि पडलं. तीनदा पडलं. ते असं सांगतात.

फार मागे, आडवणला कुणी देशमुख होते. नाव कुणी घेत नाही, आम्हीही घेत नाही. त्यांना मूल नव्हतं. त्यांनी पानाईला नवस केला की मुलगा होऊ दे, तुझ्या डोक्यावर छप्पर घालीन, दगडाचं, सात पिढ्या हलणार नाही असं. मुलगा झाला. मग देशमुखांनी घाटावरून पाथरवट आणले आणि गावातल्या घरटी एका गड्याला दगड वाहायला लावलं. पहिलं देऊळ उभं राहिलं ते पहिल्याच पावसात पडलं. या खिंडीचा वारा ज्यानं पाहिला नाही त्यानं त्यावर बोलू नये. समुद्रावरून निघालेला वारा मधे कुठं टेकत नाही, तो थेट इथं येतो आणि खिंडीच्या तोंडात घुसतो. दुसऱ्या वर्षी भिंती जाड केल्या. त्या वर्षी छप्पर पडलं ते दोन गड्यांच्या अंगावर. तिसऱ्या वर्षी खांब दुप्पट घातले. तेही पडलं. आणि त्याच पावसाळ्यात देशमुखांच्या पोराला ताप भरला.

ताप उतरला, पण देशमुखांच्या मनातली भीती काही गेली नाही. नवस फिटत नाही म्हणून देवी पोर परत मागते, असं त्यांनी धरलं. बाहेरगावचा एक जाणता आणला. त्यानं जागा बघितली, बोटं मोजली आणि सांगितलं, पाया उपाशी आहे. जेठं, म्हणजे पहिलं, लेकरू पायात घालावं लागेल. मागच्या भिंतीच्या पायात, देवीच्या पाठीमागे.

कुणाचं लेकरू, हे जाणत्यानं सांगितलं नाही. ते सांगायला जाणता लागतोच असं नाही. ज्याच्या मागे बोलणारं कुणी नाही त्याचं, हे गावाला न सांगता कळतं.

धुरपा बुरडीण गावाच्या कडेला राहायची. नवरा सर्प चावून गेला होता. घरात बयजा नावाची सासू आणि हौसा नावाची अकरा वर्षांची लेक. धुरपा टोपल्या, सुपं, कणग्या विणायची, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधी गावाला इरली करून द्यायची. देशमुखांचा कारभारी एका सकाळी तिच्या दारात आला, त्यानं हौसाला भिंतीशी उभं केलं आणि टाचेपासून डोक्यापर्यंत तिथल्याच एका दोरानं मोजलं. पोरीला वाटलं, झग्यासाठी माप घेतात. ती ताठ उभी राहिली.

"कशापायी मोजताय?" धुरपानं विचारलं.

"खड्डा काढायचाय," कारभारी म्हणाला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. "धान्य मिळंल तुला. जलमभर."

असं सांगतात की धुरपा रडली नाही. तिनं कारभाऱ्याच्या हातातला दोर ओढून घेतला आणि म्हणाली, "हा दोर माझ्या घरचा. टोपलीचा हाय. तुमचं माप तुम्ही ध्यानात ठिवा." कारभाऱ्याचं माप ध्यानात होतंच. दुसऱ्या दिवशी शिळेच्या पाठीमागे हौसाच्या उंचीचा खड्डा निघाला.

बयजा म्हणाली, पोरीला घेऊन पळ. धुरपानं विचार केला तो असा. पळून जायचं तर घाट चढून जायचं, घाटावरही देशमुखच. आणि आपण गेलो तर खड्डा काही बुजणार नाही, तो दुसऱ्या कुणाच्या पोरीच्या मापाचा करून घेतील. ती पळाली नाही. ती हौसाला बरोबर घेऊन थेट खिंडीत गेली. तिथं देशमुख, कारभारी, पाथरवट आणि भिवा गुरव उभे होते.

"छप्परच पायजे ना देवीला?" ती म्हणाली. "मी घालते."

कारभारी हसला. "तू काय घालणार? टोपली?"

"तुमचं दगडाचं पडलं तर माणूस मरतं आणि वरीस जातं. माझं पडलं तर दुपार जाती. मिरगापासून पाऊस संपेस्तवर माझं छप्पर टिकलं तर पोर माझी. पडलं तर पोरीसंगं मी बी खड्ड्यात. कौल लावा."

कौल लावायचा म्हणजे शिळेला ओल्या फुलाच्या पाकळ्या डकवायच्या आणि कुठली आधी गळते ते बघायचं. उजवी गळली तर होकार. कौल मागितला की देशमुखालाही नाही म्हणता येत नाही. भिवा गुरवानं पाकळ्या लावल्या. तो हळू माणूस, त्याला मोठ्यांच्या पुढं बोलता यायचं नाही, पण जाणत्याचं म्हणणं त्याला पटलं नव्हतं. उजवी पाकळी गळली. भिवानं ती जरा कमी ओली करून लावली होती, असंही म्हणतात. लावली असेल तर बरंच केलं.

देशमुखांनी मान हलवली, पण दोन अटी घातल्या. त्यांच्या बेटातला एकही बांबू तोडायचा नाही. आणि गावातला एकही बाप्या हात लावणार नाही. "बाईची अक्कल बाईनंच वर वाहून न्यावी," म्हणाले.

आता गावातलं बांबूचं बेट म्हणजे देशमुखांचंच. दुसरं नव्हतं. धुरपाच्या अंगणात टोपल्यांपुरत्या कामट्या होत्या, तेवढ्यात देवीचं छप्पर कुठलं व्हायला? ती दारोदार गेली. भीक मागायला गेली नाही. ती आयुष्यभर त्या घरांना सुपं आणि इरली देत आली होती, ती म्हणाली, मोडकं काय असेल ते परत द्या. कुणाच्या माळ्यावर फाटलं इरलं होतं, कुणाकडे बुड गेलेली टोपली, कुणी आपल्या कुडाची एक कामटी उपसून दिली. सासवांनी आरडाओरडा केला, सुनांनी दिल्या. कुणाची पोर जेठी नव्हती? प्रत्येक घरात एक जेठं असतंच.

सात दिवसांत पहिलं छप्पर झालं. तुकडे करूनच केलं, कारण वर नेणार बायकाच. धुरपानं ते केलं गोल, मोठ्या टोपलीसारखं उपडं, आणि बरोब्बर मध्यावर खांब. बुरडाचा हात तसाच चालतो. टोपली कधीही मधून सुरू होते. आधी मधली चौकट धरायची आणि मग गोल गोल बाहेर जायचं. तिच्या आईनं तसंच शिकवलं, आईच्या आईनं तसंच. खांब मध्यावर नाही तर कुठं घालायचा, असा प्रश्नही तिला पडला नाही. शिळेला लागून तिनं खांब रोवला, बायकांनी तुकडे वर नेऊन बांधले आणि छप्पर देवीवर छत्रीसारखं उभं राहिलं. खड्ड्याकडे तिनं पाठ केली होती. त्या अंगाला ती बघायचीच नाही.

मिरगाला बारा दिवस होते. संध्याकाळी वळवाचं वादळ आलं. वारा छपराच्या खाली शिरला, त्यानं ते उचललं आणि खालच्या दरीत भिरकावून दिलं. गाव बघत होतं. कारभारी म्हणाला, "गेली टोपली बाजाराला."

धुरपा दरीत उतरली. छप्पर एका करवंदीच्या जाळीवर अडकलं होतं. खाली शेरडं चरत होती, त्यांतल्या एकालाही लागलं नव्हतं. दोन कामट्या मोडल्या होत्या, बाकी सगळं धड. तिनं ते तुकडे सोडवून डोक्यावरून घरी आणले. मिरग लागला नव्हता म्हणून हे पडणं मोजलं जाणार नव्हतं. पण तिला कळलं होतं की हे असंच पुन्हा पडणार. दोर जास्त आवळला तर वारा दोर तोडेल. खांब जाड केला तर तो बायकांना उचलणार नाही. जड करत जायचं तर पाथरवटानं तेच तीनदा केलं होतं.

चार दिवस ती अंगणात तुकड्यांच्या मधे बसून राहिली. हौसा तिच्यापाशी बसून कामट्या तासायची. तोवर पोरीलाही कळलं होतं, खड्डा कसला ते.

पाचव्या दिवशी बयजा नाचणी पाखडत होती. वारा उलटसुलट सुटला, तसा कोंडा डोळ्यांत जायला लागला. म्हातारी वैतागली, तिनं सूप झटकलं आणि वळचणीच्या खुंटीला टांगलं. सुपाला मागच्या बाजूनं, जिथं ते बंद असतं तिथं, दोराची एक कडी असते. त्या कडीनं टांगलं. आणि मग बडबडायला लागली, "हा वारा मेला आगाऊ, हिकडून तिकडून तोंडातच येतो. त्या सुपाला बघ कसं अक्कल हाय. वारा कुठनं बी येऊ दे, पाठच दाखवतंय."

धुरपानं वर बघितलं. सूप वाऱ्यावर फिरत होतं. वारा पश्चिमेचा आला की त्याचं तोंड पूर्वेला. वारा वळला की सूपही वळायचं. बंद पाठ वाऱ्याकडे, उघडं तोंड पलीकडे. ते मोडत नव्हतं, उडत नव्हतं, कारण ते आडवं येतच नव्हतं. आणि ते मध्यावर टांगलेलं नव्हतं. पाठीला टांगलेलं होतं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "शेतात पाऊस आला की आपण काय करतो?"

"इरलं घेतो आन् पाठ करतो. पावसाला त्वांड कोण दाखवतंय, येडी का खुळी?"

"देवी बी बाईच हाय ना."

म्हातारीनं पदरावरचा कोंडा झटकला. मग म्हणाली, "आधी भाकरी खा."

इरल्याचा आकार धुरपाच्या हातातलाच होता. गोल टोपली उसवून तिनं त्याच कामट्यांचं इरलं करायला घेतलं. खांब बंद पाठीच्या बाजूला घ्यायचा, आणि खांब रोवायचा नाही, फिरता ठेवायचा. आता देवीचं तोंड पूर्वेला. पावसाचा वारा पश्चिमेचा. म्हणजे खांब देवीच्या पाठीमागे हवा, इरलं त्याच्यापासून पुढे देवीवर यायला हवं. तिनं ते मनात मांडून बघितलं आणि तिचा हात थांबला. देवीच्या पाठीमागे तो खड्डा होता.

ती दुसऱ्या सकाळी खिंडीत गेली. खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. पहिल्यांदाच तिनं त्यात नीट बघितलं. चौकोनी, चोख काढलेला, माणसानं काळजीनं काढावा तसा. ती आत उतरली. खांद्यापर्यंत आली माती. एवढा खोल खांब जाईल तर वारा त्याला उपटू शकणार नाही, हे तिला आत उभं राहिल्यावर कळलं. वरून बघून कळलं नसतं.

फिरायचं तर खाली टेकायला काहीतरी हवं आणि तोंडाशी धरायला काहीतरी हवं. बायकांच्या हातातलं फिरणारं काय असतं? जातं. घरात बयजाचं जातं होतं, लग्नात आलेलं. दोन तळ्या, एकीवर एक बसणारे गोल दगड. खालच्या तळीच्या मधली मेख काढली की तिथं भोक राहतं, त्यात खांबाचं टोक टेकेल. वरच्या तळीला दाणे टाकायचं तोंड असतं, त्यातून खांब वर येईल आणि डुलणार नाही.

सासूला विचारायची तिला भीती वाटत होती. पोरीसाठी जीव देईल, पण जातं देईल का, असा म्हातारीचा स्वभाव. धुरपानं विचारलं. बयजा जात्यापाशी गेली, खुंट्याला हात लावून बसली आणि म्हणाली, "आन् दळायचं कशावर, तुझ्या टकुऱ्यावर?"

"उखळात कांडू."

"कण्या खाऊन दात जातील माझे." मग तिनं जात्यातलं उरलंसुरलं पीठ पदरानं पुसून काढलं. "दात असंही चारच हायत," म्हणाली आणि उठली.

वरच्या तळीचं तोंड लहान होतं, खांब जाईना. धुरपा ती तळी घेऊन पाथरवटांच्या पालावर गेली. मोठा पाथरवट तीनदा हरलेला माणूस. गावातल्या बाप्यांनी हात लावायचा नाही अशी अट होती. त्यानं तळी बघितली, तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "मी या गावचा आहे का?"

"न्हाय."

"मग आण." त्यानं टाकीनं तोंड मोठं करून दिलं. एवढंच एक काम बाहेरच्या हातचं. म्हणून आजही वर पहिला नारळ पाथरवटांचा फुटतो.

खांबाचा कळक कुठून आला याबद्दल गावात दोन मतं आहेत. कुणी म्हणतं धुरपाच्या घराचं आढं काढलं. कुणी म्हणतं भिवा गुरवाच्या बायकोनं देवीच्या पालखीचा दांडा दिला. आम्ही आढं म्हणतो, कारण त्या पावसाळ्यात धुरपाच्या घरात पाणी गळत होतं असं सगळेच सांगतात.

मिरगाच्या आदल्या दिवशी बायका वर गेल्या. खड्ड्याच्या तळाशी खालची तळी बसवली. खांब उभा केला आणि भोवती दगड रचत आल्या, मधे खांबाला फिरायला जागा सोडून. दगड कुठले, तर देशमुखांच्या पडलेल्या देवळातले. मोठे घडीव तिथंच राहिले, ते तीन ढीग. एका बाईला उचलेल तेवढाच दगड खड्ड्यात गेला. तोंडाशी वरची तळी बसली. मग सात तुकडे जोडले. शेवटी इरल्याची पाठ खांबाला बांधायची होती, तिथं दोर कमी पडला. धुरपाच्या कमरेला एक दोर खोचलेला होता. कारभाऱ्याच्या हातातून ओढून घेतलेला, हौसाच्या उंचीचा. त्यानं तिनं गाठ मारली. नेमका पुरला. मग तिनं लेकीला म्हटलं, ढकल. हौसानं इरल्याला हात लावला आणि ते फिरलं.

मिरग लागला. इरल्यानं वाऱ्याला पाठ केली आणि ते देवीवर स्थिर झालं. आर्द्रा गेली. पुनर्वसूच्या तरण्या पावसात वारा झोडपायला लागला, इरलं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करायचं आणि जागेवर यायचं. पुष्याच्या म्हाताऱ्या पावसात पानं कुजायला लागली. दर सोमवारी एकेका घरची बाई वर जायची आणि कुजलेलं पान काढून ताजं खोचायची. आश्लेषात चार दिवस असा वारा झाला की देशमुखांच्या वाड्याची कौलं उडाली. चौथ्या दिवशी गाव वर गेलं. पाथरवट पुढं होता. इरलं उभं होतं. खाली शिळा कोरडी होती आणि तिच्या पायाशी दोन शेरडं बसून रवंथ करत होती.

देशमुख रोज कारभाऱ्याला वर पाठवत. त्यांचं पोर अंगणभर धावत होतं, धडधाकट होतं, तरी रात्रंदिवस त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांना वाईट माणूस म्हणणं सोपं आहे. ते घाबरलेला माणूस होते. घाबरलेल्या माणसाच्या हातात सत्ता असली की असे खड्डे निघतात.

हस्ताचा, म्हणजे हत्तीचा, पाऊस पडला. आणि मग एके सकाळी कारभारी धावत खाली आला. म्हणाला, छप्पर देवीवर नाही.

सगळं गाव वर गेलं. घाटावरून वारा सुटला होता, पूर्वेचा, सुका. इरल्यानं त्या वाऱ्याला पाठ केली होती, म्हणजे ते देवीवरून फिरून पार पलीकडे, पश्चिमेला गेलं होतं. मोडलं नव्हतं, पडलं नव्हतं. पण शिळा उघड्यावर होती आणि तिच्यावर ऊन पडलं होतं.

"अट मोडली," कारभारी म्हणाला. "छप्पर देवीवर ऱ्हायला पायजे हुतं."

दोन माणसं पुढं झाली. हौसा आईच्या मागे उभी होती. त्यांनी तिला धरलं, आणि मग त्यांना कळेना की पुढं काय करायचं. खड्ड्यात जातं होतं, दगड होते, खांब होता. खड्डा रिकामा करायचा तर आधी छप्पर पाडावं लागलं असतं, आणि छप्पर पाडायला हात कुणाचा लावायचा?

धुरपा देशमुखांच्या समोर गेली.

"आईसाहेबांना विचारा," ती म्हणाली. आईसाहेब म्हणजे देशमुखांची बायको, पोराला कडेवर घेऊन उभी होती. "आवणी सरली, पाऊस सरला की आमी बाया इरल्याचं काय करतो?"

देशमुखीण आयुष्यात शेतात वाकली नव्हती. पण तिनं खिडकीतून बघितलेलं होतं. "उतरवून ठेवतात," ती म्हणाली.

"देवीनं इरलं उतरवलंय. अट काय हुती? पाऊस संपेस्तवर. पाऊस संपला."

"हे तू सांगणार?" कारभारी म्हणाला.

"मी न्हाय. ती सांगतीय. आठ दिवस थांबा. पावसाचा एक थेंब पडला तर आमी दोघी हाव इथंच. पळायचं असतं तर मिरगाच्या आधीच पळालो असतो."

देशमुखांनी आकाशाकडे बघितलं. निळं होतं. त्यांनी माणसांना हात सोडायला सांगितलं.

आठ दिवस धुरपा, हौसा आणि बयजा खिंडीत बसून राहिल्या. गावातल्या बायका आळीपाळीनं भाकरी घेऊन यायच्या आणि बसायच्या. तिसऱ्या दिवशी घाटावर एक काळा ढग उभा राहिला, सगळ्यांचे जीव वर आले. बयजानं त्याला अशा शिव्या दिल्या म्हणे, की त्या आम्ही इथं सांगत नाही. ढग गेला. आठव्या दिवशी खालची सगळी खाचरं पिवळी दिसत होती आणि भाताच्या ओंब्या कोरड्या वाजत होत्या.

देशमुख वर आले. एकटे आले. धुरपाला म्हणाले, "पोर तुझी. पण माझा नवस? दगडाचं बोललो होतो मी."

"देवीला छप्पर बोलला हुता, ते झालं. दगडाचं देवीनं मागितलं नव्हतं, ते तुमचं." धुरपानं इरल्याकडे बोट केलं. "सगळ्या घरची एकेक कामटी हाय ह्यात. तुमच्या घरची न्हाय. ती द्या, म्हंजी फिटला."

दुसऱ्या वर्षी देशमुखीण एक कामटी हातात घेऊन, अनवाणी, खिंड चढून आली. तेव्हापासून बेट गावाला मोकळं झालं, असं सांगतात. देशमुखांचा मुलगा मोठा झाला, त्याला पुढं सात मुली झाल्या. हौसा नातवंडं, पतवंडं बघून म्हातारपणानं गेली. आणि बयजानं मरेपर्यंत कण्या खाल्ल्या आणि मरेपर्यंत सुनेला त्याबद्दल ऐकवलं.

एवढी ही गोष्ट. कुणी म्हणतं खरी, कुणी म्हणतं नाही. पण वरच्या तळीचं तोंड आत बोट घालून बघा, खांबानं फिरून फिरून काचेसारखं गुळगुळीत केलंय.

मधे एकदा एक पुढारी आले होते. म्हणाले, देवीला सिमेंटचा स्लॅब घालून देतो, स्वखर्चानं. आम्ही नाही म्हटलं नाही. म्हटलं, घाला, फक्त एका बाईला एकटीनं डोक्यावरून वर नेता आला पाहिजे. ते परत आले नाहीत.

आजही मिरगाच्या आदल्या दिवशी आडवणातल्या प्रत्येक घरातून एक कामटी आणि पळसाची पानं वर जातात. आजही घाटावरचा सुका वारा सुटून इरलं देवीवरून सरकल्याशिवाय गावात कुणी भाताला विळा लावत नाही. सरकलं की आम्ही आपापली इरली उतरवून आढ्याला टांगतो, आणि हल्ली ज्यांच्याकडे प्लास्टिकचा कागद असतो त्या तो घडी करून ठेवतात.

आणि आजही इरलं बांधायच्या दिवशी गावातली अकरा वर्षांची एक जेठी पोर शिळेपाशी ताठ उभी करतात. टाचेपासून डोक्यापर्यंत दोरानं मोजतात. त्याच दोरानं इरलं खांबाला बांधतात. ती इरल्याला एक ढकलणी देते, ते फिरतं, आणि मग ती आईच्या पुढं पळत खाली घरी जाते. बाहेरच्यांना वाटतं, मुख्य विधी अजून व्हायचा आहे. नाही, झाला. पोर घरी गेली, तोच मुख्य विधी.